मराठी ख्रिस्ती कुटुंबातील नाताळ : स्मृती आणि परंपरा

‘नाताळ’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परभाषेतून आलेला आहे याची जाणीव सहसा होत नाही. लॅटिनमधील जन्मवाचक शब्दापासून तो पोर्तुगीज भाषेत सिद्ध झाला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या व उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर उतरला. कोकणी, मराठी आणि गुजराती या शेजारभाषांनी तो आपलासा केला. हिंदी प्रदेशात मात्र याच सणाला ‘बडा दिन’ म्हणण्याचा प्रघात पडला. या दोन नावांत दोन प्रकारचे परिचय साठवलेले आहेत. ‘बडा दिन’ हे नाव सणाकडे बाहेरून पाहणाऱ्याचे वाटते. ‘नाताळ’ हे नाव सण घरात साजरा करणाऱ्यांनी चार शतके वापरलेले आहे.

सण घराचा कसा होतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येणारा नाही. दिवाळी किंवा गौरीगणपती यांची परंपरा सांगताना मराठी माणूस सहजपणे आजीकडे बोट दाखवतो. पदार्थाचे प्रमाण, गाण्याची चाल, पाहुण्याच्या पानाची रीत हे सारे तिच्याकडून आलेले असते. धर्मांतरित कुटुंबाची पहिली पिढी या आधाराला पारखी असते. तिच्या नव्या सणाला आजी नसते. आजी असते ती जुन्या सणांची, आणि तिचे घर बहुधा दुरावलेले असते. त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबातील नाताळच्या आठवणींचा इतिहास म्हणजे आजी नसलेल्या सणाला दोन-तीन पिढ्यांत आजी कशी लाभली, याचा इतिहास होय. मराठी प्रदेशात हे एकाच मार्गाने घडले नाही. किनाऱ्यावर ते पोर्तुगीज सत्तेच्या सावलीत घडले, तर देशावर अमेरिकन मिशनच्या सहवासात. दोन्ही मार्गांचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट ठरेल.

१

गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला तो १५१० मध्ये. वसई १५३४ च्या तहाने गेली. त्यानंतरच्या धर्मांतरांनी साष्टी, बारदेश, तिसवाडी आणि वसई या भागांत मोठा ख्रिस्ती समाज निर्माण झाला. या समाजापुढे जी सांस्कृतिक पोकळी होती, तिची सर्वांत सूक्ष्म जाण एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूला होती. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः साष्टीच्या परिसरात राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत मुद्रित झाले. ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स यांनी जी भूमिका मांडली आहे, ती या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली आहे. मग त्यांच्या जागी दुसरे काही वाचावयास का देत नाही, अशी मागणी नवख्रिस्ती श्रोत्याकडूनच येते. ही मागणी नुसत्या वाचनसामग्रीची नाही. पोथी लावणे, चार माणसे भोवती बसणे, सणावारी कथा ऐकणे हा जो कौटुंबिक व्यवहार अंगवळणी पडलेला होता, तो एकाएकी बंद पडल्याची व्यथा तिच्यात आहे.

स्टीफन्स यांनी या मागणीला दिलेले उत्तर म्हणजे मराठी ओवी. येशूच्या जन्माची कथा बेथलेहेमची असली तरी तिचा उच्चार, तिचा लयबंध आणि तिच्यातील ‘वैकुंठा’सारखी शब्दकळा श्रोत्याच्या ओळखीची होती. ‘ख्रिस्तपुराणा’चे मूल्यमापन करताना मराठी समीक्षेने त्याच्या भाषावैभवाकडे पुष्कळ लक्ष दिले. अ. का. प्रियोळकर यांच्यासारख्या संशोधकांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा हा सारा प्रदेश उजेडात आणला. पण ग्रंथाचे एक कार्य वाङ्मयीन मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर राहिले. सणाची कथा घरात, मायबोलीच्या वळणाने, मोठ्याने वाचता येईल अशी सोय या ग्रंथाने केली. मुद्रित आवृत्त्या कालौघात नष्ट झाल्या, तरी ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या रूपाने. दक्षिणेकडे मंगळूरच्या परिसरात गेलेल्या ख्रिस्ती समाजाने त्या पोथ्या जपल्या, आणि त्याच परिसरातील हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये नवी आवृत्ती सिद्ध केली. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी हा ग्रंथ देवनागरीत आणला. छापखान्याने जे गमावले ते पोथी लावणाऱ्या घरांनी राखले, असा याचा अर्थ आहे.

राज्यसत्तेचा कल मात्र उलट दिशेने होता. १६८४ च्या फर्मानाने गोव्यातील लोकभाषेचा त्याग करण्याचा आदेश निघाला. धर्मसमीक्षण संस्थेच्या १७३६ च्या फर्मानाने तर दारची तुळस आणि अंगावरचे धोतर येथपर्यंत नजर पोहोचवली. अशा परिस्थितीत जुन्या आचाराला लपण्यासाठी जागा उरली होती ती एकच, आणि ती म्हणजे चूल.

२

गोमंतकीय नाताळच्या पदार्थांची नुसती नावे वाचली तरी दोन संस्कृतींचा संगम स्पष्ट होतो. अंड्यातील पिवळा बलक, नारळाचा रस, मैदा आणि साखर यांचे थरावर थर भाजून केलेली बेबिंका, तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाचा रस तासन्‌तास घोटून केलेले दोदोल, चण्याच्या डाळीचा दोस, पेरूची पेराद, काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर पीठ वळवून तळलेली कुलकुले, आणि या सर्वांच्या मधोमध नेवरी. ही नेवरी म्हणजे देशावरची करंजी. हिंदू घरात ती चतुर्थीला आणि दिवाळीला होते, ख्रिस्ती घरात नाताळला. सारण तेच, मुरड घालण्याची बोटेही तीच. केवळ पंचांगातील दिवस बदलला. घरातील बाईचे हात धर्मांतराच्या दिवशी बदलत नाहीत, या साध्या सत्याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

हे सर्व पदार्थ तबकात मांडून शेजारीपाजारी पाठवण्याची रीत ‘कुसवाद’ या नावाने ओळखली जाते. मंगळूरकडे तिलाच ‘कुस्वार’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘कोंसोआदा’वरून आलेला आहे, मूळ पोर्तुगालमध्ये तो नाताळच्या आदल्या रात्रीच्या भोजनाचा वाचक. गोव्यात येताच त्याचा अर्थ पालटला. कुटुंबाच्या मेजावरील जेवणाचे रूपांतर शेजाऱ्याच्या दारी जाणाऱ्या तबकात झाले. हा बदल भारतीय सणाच्या स्वभावाला धरूनच झाला, असे म्हणता येईल. फराळाचे ताट शेजारी गेल्याखेरीज येथे सण पुरा होत नाही. चतुर्थीला हिंदू घरातून आलेल्या नेवऱ्यांची परतफेड डिसेंबरात होते, आणि या देवघेवीने जे शेजारपण टिकवले त्याची नोंद कोणत्याही राजदप्तरात सापडणार नाही.

वसईची कथा थोडी निराळी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता तेथून उठली. परंतु ख्रिस्ती शेतकरी, कोळी, कारागीर तेथेच राहिले. शरणागतीच्या करारात त्यांच्या धर्माचरणाला मुभा होती. पुढची कित्येक दशके देशी धर्मगुरूंच्या आधाराने या समाजाने आपला धर्म चालवला. युरोपशी संबंध क्षीण झाल्यामुळे येथील नाताळ अधिक मातीचा झाला. ताडीने आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे, बाटलीत भरून ठेवलेल्या मसाल्याची कालवणे, केळीच्या बागांतून आणि भातखाचरांतून जाणारी मध्यरात्रीची वाट, सामवेदी आणि वाडवळ बोलींतली गाणी यांनी तो घडला. मुंबई-वसईच्या या समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले ते इंग्रजी राजवटीतील नोकरीच्या स्पर्धेत आपली वेगळी ओळख राहावी म्हणून. नाव इंग्रजी झाले तरी घरातील बोली मराठीच राहिली.

सणाची दृश्य चिन्हेही याच रीतीने देशी झाली. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो येथे ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. त्या परंपरेतील ‘गोठा’ वसईच्या अंगणात आला तेव्हा त्यावर भाताचा पेंढा शाकारला गेला, आणि आजूबाजूला विहीर, शेत, टेकडी यांचे कोकणी दृश्य मुलांनी रचले. दिवाळीतील किल्ला बांधणाऱ्या मुलांचा आणि हा गोठा रचणाऱ्या मुलांचा आनंद एकाच जातीचा आहे. बांबूच्या कामट्यांचा आणि रंगीत कागदाचा तारा हा आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. डिसेंबरच्या अखेरीस पेंढा व जुने कपडे भरून केलेला ‘म्हातारा’ घेऊन मुले दारोदार पैसे मागतात आणि सरत्या वर्षाच्या मध्यरात्री त्याला जाळतात, तेव्हा शिमग्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

३

देशावर, विशेषतः अहमदनगर परिसरात, नाताळ वेगळ्या दाराने आला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये नगरचे ठाणे सुरू झाले आणि १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. हे मिशनरी ज्या न्यू इंग्लंडमधून आले, त्या प्रदेशाची प्युरिटन परंपरा नाताळला अनुकूल नव्हती. बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही असा उत्सव पाळणे त्या परंपरेला मान्य नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला होता. तो १६८१ मध्ये रद्द झाला, तरी त्या दिवसाला तेथे कायदेशीर सुटी मिळण्यास १८५६ साल उजाडावे लागले. म्हणजे नगरच्या आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींना ज्यांनी धर्म दिला, त्यांच्याकडे कुटुंबात मुरलेला नाताळचा फारसा वारसा नव्हता. गोव्यात सण सत्तेबरोबर आला. नगरला तो मंडळींना बऱ्याच अंशी स्वतःच घडवावा लागला.

तो त्यांनी घडवला तो आपल्याजवळच्या सामग्रीतून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली. टाळ, मृदंग, पूर्वरंग-उत्तररंग हे सारे नव्या आख्यानाच्या सेवेस लागले. नाताळच्या पहाटे भजन करीत निघणारी फेरी ही पंढरीच्या वाटेवर चाललेल्या दिंडीशी नाते सांगते. फराळात करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि लाडू आले. दारी रांगोळी आली. दिवाळी सोडलेल्या घराने दिवाळीतील जे जे देवाशी निगडित नव्हते, निदान तसे वाटत नव्हते, ते ते दीड-दोन महिन्यांनी परत मिळवले.

या प्रक्रियेची सामाजिक बाजू अधिक गंभीर आहे. नगर जिल्ह्यातील धर्मांतरितांपैकी बहुसंख्य महार व मांग समाजातील होते. गावच्या जुन्या सणात या समाजांना काम होते, मान नव्हता. सणाच्या दिवशी वाजवावयाचे, वाहून न्यावयाचे, झाडावयाचे, आणि उरलेले अन्न मागून आणावयाचे. देवळाचा उंबरा त्यांच्यासाठी नव्हता. नाताळ हा या कुटुंबांच्या आयुष्यात असा पहिला सण ठरला की ज्यात ते कोणाचे बलुतेदार नव्हते, यजमान होते. स्वतःच्या प्रार्थनामंदिरात पुढच्या ओळीत बसणे, नवे कपडे घालून गावातून फेरीने जाणे, आपल्या हाताने केलेले अन्न पाहुण्यापुढे ठेवणे यांचा अर्थ केवळ धार्मिक आनंदापुरता मर्यादित मानता येत नाही. ख्रिस्ती समाजातही जातीच्या भिंती लगेच पडल्या नाहीत, हे खरे. तरीही पुढच्या पिढ्यांना नाताळची आठवण सांगणाऱ्या आजीच्या बोलण्यात मेजवानीपेक्षा मानाचा उल्लेख का असावा, हे यावरून उमगते.

४

एका कुटुंबाच्या चरित्रात हा सारा इतिहास एकवटलेला पाहावयाचा असेल तर टिळक घराण्याकडे वळावे लागते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे माहेर जलालपूरच्या गोखल्यांचे. वडिलांचे सोवळे विलक्षण कडक. पतीच्या धर्मांतरानंतर जवळजवळ पाच वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहिल्या, आणि अखेरीस १९०० मध्ये त्यांनी स्वतः, स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ हे या स्थित्यंतराचे मराठीतील अजोड चित्रण होय. त्यातील विनोदाखाली दडलेले दुःख ओळखणे आवश्यक आहे. धर्मांतराने माणूस देव बदलतो एवढेच घडत नाही. तो कोणाच्या पंक्तीला बसू शकतो आणि कोणाच्या नाही, हेही बदलते. सण हे या बदलाचे सर्वांत झोंबणारे स्थळ. एरवी वर्षभर दुरावा विसरता येतो. सणाच्या दिवशी रिकामे पान दिसते.

टिळकांनी या रिकामपणाला काव्याने उत्तर दिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्यांची भक्तिगीते व अभंग त्या श्रद्धेला धरून आहेत. ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहाद्वारे ती गीते मराठी प्रॉटेस्टंट घरांत पोहोचली. परकी चाल लावून गायिलेल्या अनुवादित गीतापाशी जे कुटुंब अवघडून उभे राहत असे, ते या पदांपाशी मांडी घालून बसू लागले. नगरच्या टिळकांच्या घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे वावरले, ही घटनाही येथे स्मरणीय आहे. हिंदू कवी आणि ख्रिस्ती कुटुंब यांच्यामध्ये पंक्तीचा प्रश्न त्या घरापुरता तरी मिटला होता.

‘ख्रिस्तायना’ची निर्मितिकथा तर पिढ्यांच्या वारशाचे प्रतीकच मानावी लागेल. ख्रिस्तचरित्रावरील हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी १९०९ मध्ये आरंभले आणि १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने ते अपुरे राहिले. लौकिक शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले; ग्रंथाचा बहुतांश भाग त्यांचा आहे. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि शेवटचा हात पुत्र देवदत्त यांनी फिरवला. १९३८ मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. स्टीफन्स यांनी बाहेरून येऊन या मातीतील श्रोत्याला ओवी दिली होती. तीनशे वर्षांनंतर त्याच कथेची ओवी घरातूनच, पतीकडून पत्नीकडे आणि आईकडून मुलाकडे गेली. सणाला आजी लाभणे याचा वाङ्मयीन अर्थ यापेक्षा वेगळा काय सांगावा?

५

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परंपरेला दोन मोठी वळणे मिळाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज राजवट संपली आणि अवघ्या सहा दिवसांनी नाताळ आला. ज्या सत्तेबरोबर हा सण आला होता ती गेली, सण राहिला. तो सत्तेचा नव्हता, कुटुंबांचा होता, हे त्या वर्षी आपोआप सिद्ध झाले. दुसरे वळण धर्मसंस्थेच्या अंतर्गत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना स्थान दिले. त्यापूर्वी वसईच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मध्यरात्रीची मिस्सा आयुष्यभर लॅटिनमध्ये ऐकली होती. त्याला ती कळत नव्हती, पण पाठ होती. त्याच्या नातवाने ती मराठीत ऐकली. मराठीच्या आगमनाने अर्थ मिळाला, तसे लॅटिनच्या गूढ नादाला मुकल्याचे दुःखही जुन्या पिढीत होते. परंतु एरवी चर्चच्या पायरीशी थांबणारी घरची भाषा आता वेदीपर्यंत पोहोचली. १९५५ मध्ये सुरू झालेले वसईचे ‘सुवार्ता’ मासिक, आणि त्याचे दीर्घकाळ संपादक असलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे लेखन व ‘सुबोध बायबल’, ही या भाषिक आत्मविश्वासाची फळे होत. २०२० मध्ये धाराशिव येथे, तेव्हाच्या उस्मानाबादला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांना लाभले. २०२४ मध्ये ते निवर्तले. एका ख्रिस्ती धर्मगुरूने त्या व्यासपीठावरून मराठीत बोलणे हे स्टीफन्स यांच्या ओवीचे दूरवरचे पण सरळ फलित होते.

आजची चिंता निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतून इंग्लंडमध्ये रुजलेले सजवलेले झाड आणि पाश्चात्त्य बाजारपेठेने घडवलेला लाल पोशाखातील सांताक्लॉज हे आता महानगरांच्या दुकानांतून सर्व धर्मांच्या मुलांपर्यंत पोहोचले आहेत. त्यात गैर काही नाही; सणाने शेजार वाढवणे हा त्याचा गुणच आहे. परंतु या सर्वत्र सारख्या दिसणाऱ्या नाताळात नेवरीची मुरड, सामवेदी गाणे, झांजेची फेरी आणि पेंढ्याचा गोठा मागे पडत आहेत. आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना आजीचे पदार्थ आवडतात. तिची बोली मात्र सर्वांनाच समजते असे नाही. पदार्थाचे प्रमाण लिहून पाठवता येते. दोदोल घोटताना ती जे सांगत असे, ते त्या कागदावर उतरत नाही.

मराठी वाङ्मयेतिहासाने ख्रिस्ती साहित्याची नोंद प्रामुख्याने ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या आधारे घेतली. ‘ख्रिस्तपुराण’, ‘स्मृतिचित्रे’, ‘ख्रिस्तायन’ ही शिखरे त्यामुळे सुरक्षित राहिली. शिखरांखालचा प्रदेश मात्र मौखिक आहे, आणि तो मुख्यतः स्त्रियांचा आहे. भजनाच्या वहीच्या समासात लिहिलेली नावे, पाककृतींचे पिवळे पडलेले कागद, लग्नात आणि नाताळात गायिल्या जाणाऱ्या बोलीगीतांच्या चाली यांचे संकलन करणे, हे काम अभ्यासकांनी आणि ग्रंथालयांनी हाती घेण्याजोगे आहे. मंगळूरकडील पोथ्या घरांनी जपल्या नसत्या तर ‘ख्रिस्तपुराण’ हे आज केवळ एका हरवलेल्या ग्रंथाचे नाव असते. घरांनी जे राखले ते वेळीच नोंदवून घेतले, तरच पुढच्या पिढीतील वाचकाला नाताळ हा शब्द मराठी का झाला, याचे उत्तर मिळू शकेल.